सायकल किती अंतरात थांबते? मे २०२५ च्या प्रकल्प नोंदी

रविवार, ४ मे २०२५

भाचा काल संध्याकाळी पुण्याहून वाईला आला. दहावीचा निकाल अजून लागायचाय, पण अकरावीचा क्लास सुरू झालाय आणि तिथली गणितं तो बरोबर घेऊन आलाय. त्यातलं आजचं गणित असं: १२०० किलोची मोटार ताशी ७२ किलोमीटरने चाललीय. चालकाने ब्रेक दाबले, चारही चाकं जाम झाली आणि गाडी घसरत गेली. टायर आणि रस्ता यांच्यातला घर्षण गुणांक ०.५. गाडी किती अंतरावर थांबेल?

त्याचं उत्तर आलं ५२९ मीटर. सूत्र बरोबर, गुणाकार-भागाकारही बरोबर. मी एवढंच विचारलं, की अर्धा किलोमीटर घसरत गेलेली मोटार तू कधी पाहिलीस का? तो वहीकडे बघत बसला आणि मग स्वतःच म्हणाला, "ताशी किलोमीटर तसेच ठेवले मी." ७२ ला ३.६ ने भागलं, सेकंदाला २० मीटर झाले, उत्तर ४०.८ मीटरवर आलं. सूत्रात वेगाचा वर्ग आहे, त्यामुळे ३.६ ची चूक जवळजवळ १३ पट होऊन बाहेर पडते.

मग पायऱ्या नीट मांडल्या. गाडीचं वजन १२०० गुणिले ९.८, म्हणजे ११,७६० न्यूटन. त्याच्या ०.५ पट घर्षण बल, ५,८८० न्यूटन. त्याला वस्तुमानाने भागलं की मंदन (वेग घटण्याचा दर) ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग. वेगाचा वर्ग ४००, भागिले मंदनाची दुप्पट ९.८. दुसऱ्या वाटेनेही गेलो: गतिज ऊर्जा २,४०,००० ज्यूल, ती ५,८८० न्यूटनने खाऊन टाकायला ४०.८ मीटर लागतात. दोन वाटांनी एकच उत्तर आलं की मुलांच्या चेहऱ्यावर जो विश्वास येतो तो मला फार आवडतो.

पण त्याने लगेच विचारलं, "मामा, १२०० वर पण आहेत आणि खाली पण. कटतात. मग दिले कशाला?"

शेजारी बसलेली लेक (यंदा नववीत जाईल) म्हणाली, "म्हणजे बाबा, ट्रक आणि माझी सायकल एकाच अंतरात थांबणार?"

कागदावर हो. एकोणीस वर्षं मी अकरावीला हे शिकवतोय आणि दर वर्षी याच जागी "हो" म्हणून पुढच्या गणिताकडे वळतो. आज वळलो नाही. तिघांनी मिळून ठरवलं की सुट्टीभर हेच तपासायचं. त्यासाठी ही वही.


मंगळवार, ६ मे

सुरुवात स्वयंपाकघरातून. जेवायला बसायचा जुना सागवानी पाट, खाली शहाबादी फरशी, ओढायला माझ्या वडिलांचा स्प्रिंगचा ताणकाटा. तो किलोत वाचतो आणि ते सोयीचंच आहे: ओढ किलोत, वजनही किलोत, एकाला दुसऱ्याने भागलं की थेट गुणांक मिळतो. न्यूटनमध्ये जायची गरजच नाही.

पाट २ किलोचा. हलायला लागताना काटा ०.९ वर, सरकत असताना ०.७ वर. पाटावर ५ किलो गहू ठेवले: ३.१ आणि २.४. दहा किलो गहू: ५.३ आणि ४.३. भागाकार केले तर हलायच्या क्षणी ०.४५, ०.४४, ०.४४. सरकताना ०.३५, ०.३४, ०.३६.

वजन सहापट केलं तरी गुणांक जागचा हलला नाही. भाच्याला हे सूत्रात माहीत होतं, पण काट्यावर बघताना त्याने तीनदा ओढून पाहिलं.

सुरुवातीला त्याचे आकडे माझ्यापेक्षा कमी येत होते. बघितलं तर तो उभा राहून ओढत होता, दोरी तिरकी वर येत होती. अशी ओढ पाट थोडा उचलते, फरशीवरचा दाब कमी होतो, घर्षणही कमी. दोरी जमिनीला समांतर ठेवल्यावर आकडे जुळले. घर्षण वजनावर अवलंबून असतं असं आपण बोलताना म्हणतो, खरं तर ते पृष्ठभाग एकमेकांवर किती दाबले गेलेत यावर असतं. सपाट जमिनीवर दोन्ही सारखं, म्हणून फरक ध्यानात राहत नाही. (हे वाक्य पुढे उपयोगी पडेल असं आत्ताच वाटतंय.)

पाट आडवा करून कडेवर ओढला. स्पर्शाची जागा खूप कमी झाली, काटा तिथेच. ही गोष्ट १६९९ मध्ये गियोम आमोंताँने मांडली तेव्हा फ्रेंच विज्ञान अकादमीतल्या लोकांनाही ती पटायला जड गेली होती. पुढे कूलोमने, विद्युत प्रभारांच्या नियमामुळे आपल्या ओळखीच्या त्याच कूलोमने, घर्षणावर पुष्कळ मापं घेतली आणि १७८१ मध्ये त्या कामाला अकादमीचं बक्षीस मिळालं. जागा कमी झाली तरी घर्षण का बदलत नाही याचं कारण असं, की डोळ्याला सपाट दिसणारे दोन पृष्ठभाग खरे टेकतात ते फक्त उंचवट्यांवर. पाट पालथा असो की कडेवर, तेच वजन पेलायला जेवढे उंचवटे चेपायला हवेत तेवढेच चेपले जातात.


गुरुवार, ८ मे

तेच माप काट्याशिवाय. उरलेली ९० सेंटीमीटरची शहाबादी फरशी विटांवर तिरकी करत गेलो. पाट सुटला तेव्हा फरशीचं टोक ३६ सेंटीमीटर वर होतं आणि पाया ८२ सेंटीमीटर. ३६ भागिले ८२ म्हणजे ०.४४. परवा हलायच्या क्षणी आलेला आकडा अगदी हाच. लेकीने दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी लिहून त्यांना लाल चौकट केली.


रविवार, ११ मे

आज सायकल. सकाळी साडेसहाला घरामागच्या काँक्रीट रस्त्यावर गेलो, त्या वेळी तिथे रहदारी नसते. खडूने १० मीटर अंतरावर दोन रेघा मारल्या. भाचा सायकलवर, लेक मोबाइलवर व्हिडिओ घेत, मी टेप घेऊन. नियम एकच: फक्त मागचा ब्रेक. पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, हे मी निक्षून सांगितलं होतं.

वेग काढायची युक्ती लेकीची. व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रांचा. दोन रेघांमधली चित्रं मोजायची, ३० ने भागलं की सेकंद. स्टॉपवॉचपेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण बोट दाबायला होणारा उशीर यात येत नाही.

पहिल्या फेरीत घोटाळा झाला. दुसऱ्या रेघेवर मी शिट्टी वाजवायची, त्याने ब्रेक दाबायचा, आणि रेघेपासून चाकापर्यंत मोजायचं, असं ठरवलं होतं. अंतर आलं ८.४ मीटर. पण रस्त्यावर चाकाने उमटवलेला काळा पट्टा मोजला तर तो ६ मीटरचाच. मधले २.४ मीटर सायकल ब्रेक न लागता पुढे गेली होती. वेग सेकंदाला ५.३ मीटर, म्हणजे शिट्टी ऐकून हात आवळेपर्यंत ०.४५ सेकंद. शिट्टी वाजणार हे माहीत असताना एवढा वेळ. रस्त्यावर अचानक म्हैस आडवी आल्यावर पूर्ण सेकंद सहज जातो, आणि ४ तारखेच्या गणितातली मोटार त्या एका सेकंदात २० मीटर कापते. ४१ मीटर या उत्तरात ते २० धरलेलेच नाहीत. मी फळ्यावर हे कधी लिहून दाखवत नव्हतो, आता जूनपासून दाखवणार.

यापुढे अंतर फक्त काळ्या पट्ट्याचं. नोंदी:

९७ चित्रं, वेग ३.१, पट्टा २.२ मीटर.
७१ चित्रं, वेग ४.२, पट्टा ३.९ मीटर.
५७ चित्रं, वेग ५.३, पट्टा ६.० मीटर.

वेगाच्या वर्गाला अंतराच्या दुपटीने भागलं की मंदन: २.२, २.३, २.३. वर्गाचा नियम सुरेख जमला. वेग ३.१ वरून ५.३, म्हणजे पावणेदोन पटीच्या आत, तरी अंतर २.७ पट.

पण मंदनाला ९.८ ने भागून गुणांक काढला तर ०.२३.

लेक वही उलटून मागे गेली. "बाबा, पाटाचा ०.३५ आलाय. लाकडाचा रबरापेक्षा जास्त? मग टायर लाकडाचे का नाही करत?"

प्रश्न अगदी योग्य आहे. कोरड्या काँक्रीटवर रबराचा गुणांक पुस्तकांत ०.६ ते ०.८ च्या आसपास दिलेला असतो. आम्हाला त्याचा जेमतेम एक तृतीयांश मिळालाय, तोही तीनही वेगांना सारखा. मापात गडबड असती तर आकडे इकडेतिकडे विखुरले असते. हे विखुरलेले नाहीत, सगळे मिळून खाली आहेत.


मंगळवार, १३ मे

दहावीचा निकाल लागला. घरात पेढे, फोन, पाहुणे. तरी संध्याकाळी दोघांनी मला बाहेर ओढलंच.

भाच्याचं म्हणणं, टायर गोटा झालाय म्हणून पकड नाही. टायर खरंच झिजलेला आहे. ते तपासायचं तर सायकल पाटासारखी ओढून बघायला हवी. दोन्ही ब्रेकचे दांडे जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी हँडलला आवळून बांधले, चाकं जाम केली, आणि रिकामी सायकल त्याच रस्त्यावर ओढली. वडिलांचा काटा १० किलोपर्यंतच जातो, तो टोकाला जाऊन अडकला. प्रवासाच्या बॅगा तोलायचा काटा आणला. सायकल १७ किलोची, सरकताना ओढ १२ किलो. गुणांक ०.७.

म्हणजे तोच टायर, तोच रस्ता. ओढून बघितलं तर ०.७, ब्रेक मारून बघितलं तर ०.२३. टायरचा दोष नाही.

रात्री मला झोप लागेना. ओढायचा वेग कमी होता हे खरं, आणि रबर आमोंताँचे नियम लाकूड-दगडासारखे काटेकोर पाळत नाही हेही खरं. पण त्याने तिप्पट फरक पडणार नाही.


बुधवार, १४ मे

भाच्याची शंका: ब्रेक पूर्ण लागतच नसेल, चाक थोडं फिरत असेल. व्हिडिओ चित्र-चित्र करून बघितला. मागच्या चाकाच्या एका तारेला लाल चिंधी बांधली होती, ती पट्टा सुरू झाल्यावर जागची हलत नाही. चाक जाम आहे.

मग लेक म्हणाली, वजन खरंच कटतं का ते तरी बघू. कॅरिअरला १५ किलो गव्हाची पिशवी बांधली आणि वेग पुन्हा ५.३ वर आणायचा प्रयत्न केला. चार फेऱ्यांत दोनदा जमला. दोन्ही वेळा पट्टा ५.२ ते ५.३ मीटर.

कमी! वजन वाढवलं आणि सायकल लवकर थांबली. माझी अपेक्षा होती की फरक पडणार नाही. "ओझं असलं की गाडी लांब जाते" असं सगळे म्हणतात, त्याच्या तर हे बरोबर उलट.

घरी येताना कुणी फारसं बोललं नाही. मला वाटतं या महिन्यातली सगळ्यात चांगली सकाळ हीच.


शुक्रवार, १६ मे

पिशवी मागे होती. एवढंच. कॅरिअर मागच्या चाकावर असतं, ओझ्याने ते चाक जमिनीवर जास्त दाबलं गेलं, आणि ब्रेक त्याच चाकाला होता. भाच्याने दुपारी जेवताना हात धुवायच्या आत हे सांगितलं आणि ६ तारखेचं माझं वाक्य मलाच वाचून दाखवलं: घर्षण वजनावर नाही, दाबावर.

सूत्रात आपण संपूर्ण वजनाच्या ०.७ पट घर्षण धरतो. पण घसरतंय फक्त मागचं चाक. पुढचं मजेत फिरतंय, ते काही थांबवत नाही. मागच्या चाकावर जेवढा भार, तेवढ्याचंच घर्षण.

लगेच मोजलं. घरातला वजनकाटा मागच्या चाकाखाली, पुढच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची वीट, भाचा सायकलवर, लेक तोल सांभाळायला भिंतीपाशी. मागे ३९.५ किलो. काटा-वीट अदलाबदल केली, पुढे २९.५. बेरीज ६९. भाचा ५२ आणि सायकल १७, बरोबर ६९. बेरीज जुळली तेव्हा लेकीने टाळीच वाजवली.

म्हणजे मागे ५७ टक्के भार. ०.७ च्या ५७ टक्के ०.४०. ०.७ वरून निम्म्याहून जास्त अंतर उतरलो, पण अजून ०.२३ ला पोचलो नाही. उत्तर याच दिशेला आहे, पुरतं नाही. भाचा हिरमुसला. मी त्याला म्हटलं, ब्रेक लागताना तुला अंगाला काय जाणवतं ते आठव, उद्या-परवा बोलू.


रविवार, १८ मे

"मामा, ब्रेक लागला की मी पुढे जातो. हातांवर भार येतो."

बस्स. एसटीत उभं राहून प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं. परवा मोजलेले ३९.५ किलो उभ्या सायकलचे होते. ब्रेक लागला की भार मागच्या चाकावरून पुढच्यावर सरकतो.

किती सरकतो हे काढायला बलाचा आघूर्ण (फिरवायचा जोर) घेतला, पुढचं चाक जिथे रस्त्याला टेकतं त्या बिंदूभोवती. वाचणाऱ्याला कंटाळा येऊ नये म्हणून गोष्टीसारखं लिहितो. सायकलवर तीन गोष्टी त्या बिंदूभोवती फिरवू पाहतात. वजन सायकलला मागे दाबून ठेवतं. वजनाचा मध्य पुढच्या आसापासून ०.६ मीटर मागे आहे (दोन चाकांत १.०५ मीटर अंतर, मागे ५७ टक्के भार, त्यावरून आला). मागच्या चाकाला जमीन वर रेटते. आणि थांबताना अंगातली पुढे जायची ओढ सगळ्याला पुढे कलंडवते. ती वजनाच्या मध्यातून लागते आणि तो मध्य आम्ही १.०५ मीटर उंच धरला. हा आकडा अदमासाचा आहे: बसलेल्या मुलाचा मध्य बेंबीच्या आसपास, १.२ मीटरवर, सायकलचा ०.५५ वर, दोन्हींची वजनाप्रमाणे सरासरी.

मंदन २.३ धरून आकडे घातले. वजनाचा आघूर्ण ६९ × ९.८ × ०.६, म्हणजे ४०६. पुढे कलंडवणारा ६९ × २.३ × १.०५, म्हणजे १६७. उरले २३९, भागिले १.०५, म्हणजे मागच्या चाकावर फक्त २२८ न्यूटन. किलोत २३. उभं असताना ३९.५ होते!

आता २२८ ची ०.७ पट १५९ न्यूटन, भागिले ६९ किलो: मंदन २.३.

जिथून निघालो तिथेच परत आलो, आणि या वेळी मधला प्रत्येक आकडा कुठून आला ते आम्हाला माहीत आहे. ०.२३ चुकीचं नव्हतं. त्याला गुणांक म्हणणं चुकीचं होतं. ०.७ हा रबर आणि काँक्रीट यांचा गुण, ०.२३ हा या सायकलवर, या मुलासकट, फक्त मागच्या ब्रेकने मिळणारा हिशोब.

मंदन आधी माहीत नसेल तर समीकरण सोडवून सूत्र मिळतं: मंदन = गुणांक × ९.८ × ०.६ भागिले (१.०५ + गुणांक × १.०५). पहिला १.०५ चाकांमधलं अंतर, दुसरा मध्याची उंची, आमच्या सायकलवर योगायोगाने सारखे. भाच्याने त्यात गव्हाची पिशवी घातली, मध्य नव्याने काढला (आता ०.६८ मीटर मागे, जवळजवळ १ मीटर उंच) आणि अंतर काढलं. ५.२६ मीटर. बुधवारचा पट्टा ५.२ ते ५.३. वही माझ्याकडे सरकवून तो काही न बोलता अंगणात गेला. मी त्याच्या मागे गेलो नाही.

तेच समीकरण पुढच्या ब्रेकबद्दल जे सांगतं ते इथे ठळक लिहून ठेवतो. मंदन वाढवत नेलं तर एका क्षणी मागच्या चाकावरचा भार शून्य होतो. आमच्या सायकलसाठी ते ९.८ × ०.६ ÷ १.०५, म्हणजे ५.६. टायरची पकड मात्र ०.७ × ९.८, म्हणजे ६.९ पर्यंत जाते. म्हणजे कोरड्या काँक्रीटवर पुढचा ब्रेक करकचून दाबला तर चाक घसरायच्या आधी माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. ११ तारखेला मी पुढचा ब्रेक अनुभवावरून मनाई केला होता, आता कारण आकड्यात आहे. मुलांनी मात्र यावरून "पुढचा ब्रेक वाईट" असं धरून बसू नये. भार पुढे जातो म्हणूनच थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात असते. दोन्ही ब्रेक एकत्र, हलक्या हाताने वाढवत दाबून बघितले: ५.३ वेगाला ३.९ मीटर. एकट्या मागच्याला ६ लागत होते.

मोटार बुटकी आणि लांब असते, ब्रेक चारही चाकांना असतात, सगळा भार ब्रेक लागलेल्या चाकांवरच राहतो, पुढे सरकला तरी बेरीज तीच. म्हणून ४ तारखेचं गणित मोटारीसाठी बरोबर आहे. लेकीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं: ट्रक आणि तुझी सायकल एका अंतरात थांबणार नाहीत, आणि त्याचं कारण वजन किती हे नसून वजन कुठे हे आहे.


बुधवार, २१ मे

काल रात्रीपासून पाऊस. यंदा मे महिन्यातच जोर धरलाय.

पहाटे रस्ता ओला होता तेव्हाच बाहेर पडलो. आज क्रम उलटा ठेवला: आधी अंदाज वहीत, मग फेरी. जाम चाकांची सायकल ओल्या रस्त्यावर ओढली, ओढ ८.५ किलो, गुणांक ०.५. सूत्रात घालून मंदन १.८७. वेग जास्त ठेवायचा नव्हता, ४.२ ठरवला. अंदाज: ४.७ मीटर. तिघांनी वहीवर सह्या केल्या.

पट्टा ओल्यात दिसत नाही हे बाहेर आल्यावर कळलं. मग व्हिडिओत लाल चिंधी थांबते ते चित्र शोधलं आणि रस्त्यावरच्या खडूच्या खुणांवरून अंतर घेतलं. ४.९ मीटर.

कोरड्यात याच वेगाला ३.९ होते. लक्षात घेण्यासारखं: पकड ०.७ वरून ०.५, पण मागच्या ब्रेकचं अंतर त्या प्रमाणात वाढलं नाही, कारण मंदन कमी असलं की भारही कमी सरकतो. मोटारीला मात्र हा दिलासा नाही, तिथे ०.७ वरून ०.५ म्हणजे सरळ ४० टक्के जास्त अंतर. पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून जो बुळबुळीत थर होतो त्यात याहूनही वाईट.


गुरुवार, २२ मे

जाम चाक घसरतं तेव्हा गतिक (सरकतानाचं) घर्षण लागतं, फिरत राहिलेल्या चाकाला स्थितिक (सरकण्याआधीचं), आणि ते मोठं. पाटाचे ०.४४ आणि ०.३५ आठवले. मोटारसायकलीतलं एबीएस चाकाला जाम होऊ देत नाही ते यासाठी. शिवाय फिरतं चाकच वळवता येतं, घसरतं नाही. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना ते सक्तीचं आहे. भाच्याला अठरा पूर्ण व्हायला अजून दोन वर्षं आहेत, पण हे त्याने आजच लिहून घेतलं.


रविवार, २५ मे

शेजारचे काका एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेत. पसरणी घाटात वर्षानुवर्षं गाडी चालवलीय. आमचे खडूचे पट्टे ते रोज बघत होते, आज अंगणात येऊन बसले आणि वही मागितली.

त्यांचा पहिला प्रश्न: "उताराचं काय?"

तेवढं सोपं होतं. उतारावर वजनाचा एक भाग गाडीला पुढेच ढकलतो, तो पकडीतून वजा करायचा. वाई ते पाचगणी चढ सुमारे साडेपाचशे मीटरचा, रस्ता साधारण १२ किलोमीटर, सरासरी उतार ०.०४६. आमच्या पहिल्या मोटारीचे ४०.८ मीटर उतरताना ४५ होतात, चढताना ३७. काकांनी मान हलवली. "हे एका वेळचं झालं. मी म्हणतोय तासभर ब्रेकवर पाय ठेवून आल्याचं."

मग त्यांनी जे विचारायचं होतं ते मांडलं आणि आम्ही ते मोजलं. भरलेली गाडी १५ टन धरली. पाचगणीहून खाली येताना तिच्यातली ८ कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. काही हवेत, काही टायरच्या फिरण्यात, आणि गाडी न्यूट्रलमध्ये असेल तर उरलेली सगळी ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन. ८ कोटी ज्यूलमध्ये अडीचशे लिटर थंड पाण्याला उकळी येते. एवढी उष्णता थोड्या मिनिटांत ड्रम आणि लायनर (ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचं अस्तर) यांनी कुठे टाकायची? ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब जातो. लायनर तापला की त्याचा स्वतःचा घर्षण गुणांक उतरतो. पाय तेवढाच दाबलेला असतो आणि गाडी थांबत नाही.

"ज्या गिअरात चढायचं, त्याच गिअरात उतरायचं," काका म्हणाले. "आम्हाला पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं. डिझेल वाचतंय म्हणून न्यूट्रल टाकणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो, बाळा."

गिअरात असताना इंजिन चाकांना मागे ओढतं, उष्णतेचा वाटा इंजिन उचलतं, ब्रेक थंड राहतात. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर अवजड गाड्यांचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात भाचा लहानपणापासून ऐकत आलाय. त्याचं घर तिथून लांब नाही. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, रेल्वेचं कसं? लोखंडावर लोखंड, पकड तर आणखी कमी.

म्हणून रेल्वे चढच कमी घेते. बोरघाटात कर्जत ते लोणावळा चढ ३७ ला १, म्हणजे ०.०२७, पसरणीच्या सरासरीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. तरी तिथे गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात.


शनिवार, ३१ मे

भाचा आज सकाळच्या एसटीने गेला. वहीची एक प्रत त्याच्याकडे, मूळ माझ्याकडे. बॅगा तोलायचा काटा तो घेऊन गेलाय, लेकीने गव्हाची पिशवी डब्यात रिकामी केली.

जायच्या आधी त्याने ४ तारखेचं गणित पुन्हा लिहिलं. उत्तर तेच, ४०.८ मीटर. वर एक ओळ जास्त: "चारही चाकांना ब्रेक आहे आणि रस्ता सपाट आहे असं धरून. चालकाचा वेळ धरलेला नाही."

अकराच्या सुमारास त्याचा मेसेज आला. "मामा, खंबाटकीचा बोगदा संपला. उतार लागायच्या आधीच ड्रायव्हरने गिअर खाली घेतला, आवाज बदलला. काकांना सांग." आणि दोन मिनिटांनी दुसरा: "बसच्या वजनाचा मध्य किती उंच असेल? टपावर सामान नाहीये. बसलेली माणसं ४१ मोजली, उभी ६."